डीबग ट्रेस दिसतच नाही? आधी तो सुटला का बघा, मग कुठं मुरला ते

आमच्याकडे गुहागर बाजूला पोफळीच्या आगराला पाटानं पाणी लावतात. शेवटच्या आळ्यात पाणी पोचलं नाही तर कोणी पोफळीला शिव्या देत बसत नाही, आधी पंप चालू आहे का बघतात आणि मग पाटाच्या कडेकडेनं चालत जातात, कुठंतरी खेकड्यानं बीळ केलेलं असतं आणि सगळं पाणी तिथंच मुरत असतं. कमांड लाइनवरच्या टूलचा डीबग ट्रेस, म्हणजे टूल आत काय करतंय ते ओळीओळीनं छापतं तो माग, गायब होतो तेव्हा करायचं एवढंच आहे, पण आपण काय करतो, डीबगचा फ्लॅग (कमांडपुढं लावायचा --डीबग सारखा पर्याय) लावला, काही दिसलं नाही, म्हणून अजून एक फ्लॅग लावला, मग लेव्हल (किती बारीकसारीक छापायचं ते) वाढवली, मग टूलच काढून परत टाकलं, आणि ट्रेस बिचारा पहिल्यापासून छापला जात होता, फक्त आपण बघत होतो तिथं नाही.

तर प्रश्न दोनच. ट्रेस सुटलाय का? आणि सुटला असेल तर वाटेत कुठं जातोय? दोन्ही एकदम सोडवायला जाऊ नका, नाहीतर दिवस जातो. माझे गेलेत.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे माझा आतेभाऊ. तो दाभोळच्या बाजूला राहतो, मधे वाशिष्ठीची खाडी. त्याच्याकडे एक रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) आहे, तो चालू झाला की एक स्क्रिप्ट वेबसाइटवरून आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी कर्लनं (नेटवरून डेटा आणणारी कमांड) ओढते आणि पत्त्यांची लेबलं प्रिंटरला पाठवते. ऐन सीझनला फोन, "दादा, कधीकधी लेबलं निघतच नाहीत, आणि डीबग लावला तर लॉगची फाइल रिकामी". फोनवर अर्धा तास डोकं लावलं, "आता काय दिसतंय", "काहीच नाही", "आता", "काहीच नाही", शेवटी म्हटलं राहू दे, धोपाव्याहून फेरीबोट धरली आणि गेलो. तिथं काय निघालं ते येईलच ओघात, आधी तपासायचं कसं ते सांगतो.

एक सांगून ठेवतो, मी फोनवर मराठी कीबोर्डनंच लिहितोय त्यामुळे कमांडपण देवनागरीतच आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा, चिन्हं मात्र आहेत तशीच घ्या. बहुतेक सगळं लिनक्स आणि मॅकचं आहे, विंडोजचं खाली थोडं आहे.

वाट क्रमांक 1 आणि वाट क्रमांक 2

प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच तीन वाटा मिळतात. 0 म्हणजे इनपुट, 1 म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, 2 म्हणजे स्टँडर्ड एरर. टर्मिनलवर 1 आणि 2 दोन्ही एकाच जागी येऊन पडतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. बरीचशी शहाणी टूल्स डीबगचा मजकूर 2 वर टाकतात, कारण 1 वर खरा डेटा असतो, तो पुढच्या प्रोग्रामला जायचा असतो आणि त्यात ट्रेस मिसळला तर पुढच्याचं काम बिघडलं. कर्लचा -व्ही, एसएसएचचा (दुसऱ्या मशीनवर जायचं टूल) -व्ही, गिटचा (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ट्रेस, बॅशचा -एक्स, नोडवाल्यांचं डीबग पॅकेज, सगळे 2 वर लिहितात.

आता तुम्ही लिहिलंत

टूल --डीबग > लॉग.टीएक्सटी

तर फाइलमध्ये फक्त 1 गेला. समोर टर्मिनल असेल तर ट्रेस स्क्रीनवर तरी दिसतो, पण हेच एखाद्या स्क्रिप्टच्या पोटात असेल आणि त्या स्क्रिप्टचा 2 कोणी कचऱ्यात टाकलेला असेल तर संपलं. बरोबर असं लिहायचं:

टूल --डीबग > लॉग.टीएक्सटी 2>&1

आणि हा क्रम उलटा करायचा नाही. 2>&1 > लॉग.टीएक्सटी असं लिहिलं की दिसायला सारखंच पण काम वेगळं. शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बॅश त्यातलाच एक) डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि 2>&1 म्हणजे "आत्ता ह्या क्षणी 1 जिथं जातोय तिथं 2 ला पाठव", एवढंच. त्या क्षणी 1 स्क्रीनवर जात होता म्हणून 2 स्क्रीनवर गेला, त्यानंतर 1 फाइलकडे वळला, 2 काही त्याच्यामागून गेला नाही. मी स्वतः हे कित्येक वर्षं पाठ करून लिहायचो, अर्थ कळल्यावर परत कधी चुकलं नाही.

पाइपचंही (| हे चिन्ह, एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारं) तेच. कर्ल -व्ही लावून पुढं | ग्रेप (हवा तो शब्द असलेल्या ओळीच गाळून देणारी कमांड) केलं की ग्रेपला फक्त 1 मिळतो, हेडर वगैरे सगळं 2 वरून ग्रेपला वळसा घालून स्क्रीनवर, आणि मग "ग्रेप चालत नाही" असं वाटतं. 2>&1 | ग्रेप करा. बॅश 4 च्या पुढं |& असंही चालतं, पण हे बॅशचं आहे, साध्या एसएचचं नाही, हे लक्षात ठेवा, आतेभावाची गोष्ट इथंच कुठंतरी येऊन मिळणार आहे.

काही टूल्स मात्र स्क्रीनवर काही न दाखवता स्वतःच्या फाइलीत लिहून ठेवतात. एनपीएम (नोडची पॅकेजं टाकणारं टूल) आपल्या कॅशच्या फोल्डरात _लॉग्स म्हणून जागा ठेवतो, तिथं सविस्तर लॉग पडलेला असतो. गिटमध्ये गिट_ट्रेस=1 हे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल (शेलकडून टूलला मिळणारी नाव=किंमत अशी सेटिंग) दिलं तर ट्रेस 2 वर येतो, पण 1 च्या जागी / पासून सुरू होणारा पूर्ण पाथ दिला तर त्या फाइलीत जातो, स्क्रीनवर शून्य. तुमच्या बॅशच्या सेटिंगमध्ये कोणीतरी, म्हणजे तुम्हीच, दोन वर्षांपूर्वी असा पाथ एक्सपोर्ट करून (पुढच्या सगळ्या कमांडना दिसेल असा) ठेवला असेल तर आज बोंबलत बसाल. एन्व्ह | ग्रेप ट्रेस एकदा मारून बघायला काही पैसे पडत नाहीत.

पाटाच्या कडेनं चालणं

तर्क करत बसण्यापेक्षा प्रोसेसलाच, म्हणजे चालू प्रोग्रामलाच, विचारायचं. टूल चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) शोधा आणि लिनक्सवर

एलएस -एल /प्रॉक/पीआयडी/एफडी

असं करा, पीआयडीच्या जागी तो आकडा. 1 आणि 2 समोर बाण दिसतात, तो बाण जिथं जातो तिथंच तुमचा ट्रेस जातोय. टर्मिनलचं नाव दिसलं तर ठीक. पाइप दिसला तर पलीकडे कोण वाचतंय ते शोधा. /डेव्ह/नल, म्हणजे सिस्टमची कचराकुंडी, दिसलं तर ट्रेस थेट खाडीत, परत मिळायचा नाही. सॉकेट दिसलं तर बहुतेक सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा) जर्नलकडे, म्हणजे त्याच्या लॉगकडे. आणि फाइलच्या नावापुढं डिलीटेड असं दिसलं तर लॉग रोटेट करणाऱ्या (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या) प्रोग्रामनं ती फाइल उडवलीय आणि टूल अजून त्या मेलेल्या फाइलीतच लिहितंय. हे शेवटचं ज्याला माहीत नाही तो "काल दुपारपर्यंत लॉग येत होता" असं म्हणत केस उपटतो. मॅकवर प्रॉक नसतं, तिथं एलएसओएफ -पी वापरा.

टूल पटकन संपून जातं, बघायला वेळच मिळत नाही, असं असेल तर एसट्रेस, तो टूलनं सिस्टमकडे केलेली प्रत्येक मागणी टिपतो:

एसट्रेस -एफ -ई ट्रेस=राइट -ओ माग.टीएक्सटी टूल --डीबग

-एफ विसरू नका, नाहीतर टूलनं जन्माला घातलेल्या चाइल्ड प्रोसेस त्यात येत नाहीत आणि खरं काम बऱ्याचदा चाइल्डच करत असतो. -ओ नाही दिला तर एसट्रेसचं स्वतःचं आउटपुटसुद्धा 2 वरच येतं आणि सगळी खिचडी. नंतर त्या फाइलीत राइट(2, ... दिसतंय का बघा. मजकूर ओळीत अर्धवट तुटलेला दिसेल, एसट्रेस पहिली 32 अक्षरंच दाखवतो, जास्त हवं तर -एस 300 द्या. आता जर तुमच्या ट्रेसचं वाक्य इथं दिसलं तर पंप चालू आहे, पाट फुटलाय. एकही नाही दिसलं तर बहुधा पंपच बंद, मग फ्लॅग, लेव्हल आणि व्हेरिएबलकडे वळा. माझ्या मते सगळ्या गोष्टीत ही एक तपासणी सोन्यासारखी आहे, कारण पुढची अर्धी शोधाशोध तिथल्या तिथं रद्द होते.

पंपच बंद असेल तर

सगळ्यात जास्त वेळा जे निघतं ते म्हणजे व्हेरिएबल टूलपर्यंत पोचलेलंच नसतं. गिट_ट्रेस=1 एका ओळीवर लिहिलं, एंटर मारला, आणि पुढच्या ओळीवर गिट फेच. ते व्हेरिएबल शेलपुरतंच राहिलं, गिटला दिसलंच नाही. एकतर एक्सपोर्ट करा नाहीतर एकाच ओळीत कमांडच्या आधी लिहा. पाइप असेल तर डावीकडे लिहिलेलं व्हेरिएबल फक्त डाव्या कमांडला लागतं, उजवीला नाही.

मग सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं कमांड चालवणं. सुडो डीफॉल्टनं तुमचं एन्व्हायरनमेंट झाडून पुसून टाकतो, म्हणजे एक्सपोर्ट केलेलंसुद्धा आत जात नाही. सुडो एन्व्ह गिट_ट्रेस=1 गिट फेच असं लिहा, म्हणजे व्हेरिएबल सुडोच्या आतच तयार होतं. सुडो -ई (कॅपिटल) पण आहे, पण त्याला परवानगी लागते आणि सगळंच गाठोडं आत नेणं मला तरी आवडत नाही.

व्हेरिएबल पोचलं पण ते चुकीच्या माणसाला, हेही होतं. गिट एसएसएचवरून जात असेल तर गिट_ट्रेसमध्ये "एसएसएच चालवलं" एवढंच दिसतं, एसएसएचच्या पोटात काय चाललंय ते नाही. त्यासाठी गिट_एसएसएच_कमांड="एसएसएच -व्ही" द्यावं लागतं. एसएसएचला -व्ही तीनपर्यंत वाढवता येतो, -व्हीव्हीव्ही. आणि तो कुठं लिहिताय बघा: एसएसएच सर्व्हर अपटाइम -व्ही असं लिहिलं तर तो -व्ही पलीकडच्या मशीनवरच्या अपटाइमला गेला, तुमच्या एसएसएचला नाही. अजून एक गंमत, एसएसएचचं जुनं कनेक्शन परत वापरायची सोय, म्हणजे कंट्रोल मास्टर, लावलेली असेल तर -व्हीव्हीव्ही देऊनसुद्धा मोजून चार ओळी येतात, कारण की-अदलाबदल वगैरे सगळं पहिल्या कनेक्शनच्या वेळीच उरकलंय. -एस (कॅपिटल) नन दिलं की नवं कनेक्शन होतं आणि पूर्ण ट्रेस येतो. इकडं नेट असं येऊन जाऊन असतं की ती सोय मी कायम लावून ठेवतो आणि दर वेळी ह्याच्यात फसतो.

डॉकरचंपण (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) तसंच, डॉकर --डीबग दिलं की फक्त क्लायंट बोलायला लागतो, काम करणारा डिमन (मागं कायम चालू असणारा प्रोग्राम) वेगळा, त्याच्या डिमन.जेसन फाइलमध्ये डीबग ट्रू करावं लागतं.

लेव्हलचा प्रकार पायथनमध्ये नमुनेदार. पायथनच्या लॉगिंगची मूळ लेव्हल वॉर्निंग आहे, म्हणजे लॉगर.डीबग आणि लॉगर.इन्फो लिहून ठेवलंत तरी ते कोणी छापत नाही, एररपण येत नाही, नुसती शांतता. मग लोक बेसिककॉन्फिग लिहून लेव्हल डीबग करतात, तरी शांतता, कारण आधी कुठल्यातरी लायब्ररीनं रूट (सगळ्यात वरच्या) लॉगरला हँडलर (ओळी प्रत्यक्ष बाहेर टाकणारा भाग) चिकटवलेला असतो, आणि हँडलर आधीच असेल तर बेसिककॉन्फिग काहीही न करता गुपचूप परत येतं. 3.8 पासून त्याला फोर्स=ट्रू देता येतं, ते द्या. तरीही नाही आलं तर लॉगरची लेव्हल वेगळी आणि हँडलरची वेगळी असते, दोन्ही दारं उघडी हवीत.

रस्टची बरीच टूल्स रस्ट_लॉग बघतात, तिथं काही दिलं नाही तर नेहमीच्या एन्व्ह-लॉगरमध्ये फक्त एरर दिसतात. नोडमध्ये डीबग=* चालतं, पण टूल ते पॅकेज वापरत असेल तरच, नाहीतर कितीही स्टार लावा. कधीकधी डीबगच्या ओळी बिल्ड करतानाच कापून टाकलेल्या असतात, रिलीज बिल्डमध्ये मॅक्रो रिकामा, मग रनटाइमला कुठलाही फ्लॅग देऊन उपयोग नाही. संशय आला तर स्ट्रिंग्ज कमांड बायनरीवर (टूलच्या तयार फाइलीवर) चालवून तुमच्या ट्रेसमधलं एखादं वाक्य आत आहे का ते ग्रेप करा. बायनरी गुंडाळून पॅक केलेली नसेल आणि तरी वाक्य सापडलं नाही, तर विषय संपला, डीबग बिल्ड शोधा.

आणि हो, तुम्ही चालवताय ते टूल तेच आहे ना? टाइप -ए आणि टूलचं नाव, इतकंच करा. एखादा एलियास (कमांडचं टोपणनाव) निघतो, एखादी रॅपर (मूळ टूलला आतून हाक मारणारी) स्क्रिप्ट निघते जिच्या शेवटी कोणीतरी 2>/डेव्ह/नल चिकटवलेलं असतं "घाण दिसू नये म्हणून".

ट्रेस येतो, पण उशिरा, किंवा मेल्यावर अर्धा

ही बफरची, म्हणजे मजकूर सोडायच्या आधी साठवून ठेवायच्या जागेची, भानगड. सी मधले प्रोग्राम टर्मिनलवर लिहितात तेव्हा ओळ संपली की लगेच सोडतात, पण तेच आउटपुट पाइपला किंवा फाइलीला जोडलं की काही हजार बाइट साठेपर्यंत, बऱ्याचदा 4096, थांबतात आणि मग एकदम ओततात. 2 मात्र सहसा न साठवता लगेच जातो. म्हणून जे टूल ट्रेस 1 वर लिहितं त्याचा ट्रेस फाइलीत "येत नाही", आणि टूल मधेच क्रॅश झालं किंवा किल -9 (जबरदस्तीनं मारणारी कमांड) खाल्लं की साठलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण मरायच्या आधीच्या शेवटच्या दहा ओळीच आपल्याला हव्या असतात आणि नेमक्या त्याच बुडतात, मग फाइलीतली शेवटची ओळ बघून आपण "इथं अडकलं" असं ठरवतो आणि ते खरं त्याच्या बरंच पुढं जाऊन अडकलेलं असतं.

उपाय: स्टडीबफ -ओएल टूल. पण हे सी च्या नेहमीच्या लायब्ररीतून छापणाऱ्यांनाच लागू, स्टॅटिक बायनरीला, गोमध्ये लिहिलेल्यांना किंवा पायथनला नाही. पायथनला पायथन -यू किंवा पायथनअनबफर्ड=1. डॉकरमध्ये पायथन चालवत असाल तर हे व्हेरिएबल डोळे मिटून घालाच. आणि टेल -एफ लॉग | ग्रेप एक | ग्रेप दोन असं लावून "लाइव्ह काहीच येत नाही" म्हणणाऱ्यांनी मधल्या ग्रेपला --लाइन-बफर्ड द्यावा, पाणी त्याच्याकडे तुंबलंय.

बॅश -एक्सच्या खोड्या

बॅश -एक्स स्क्रिप्ट.एसएच केलं की प्रत्येक कमांड + लावून छापली जाते, तिथपर्यंत सगळ्यांना माहीत. पण ती स्क्रिप्ट आतून दुसरी स्क्रिप्ट चालवत असेल तर दुसरीत ट्रेस जात नाही, ती नवी प्रोसेस, तिच्यात वेगळा सेट -एक्स लागतो. सोर्स केलेली (त्याच शेलमध्ये वाचून चालवलेली) असेल तर जातो. पहिल्याच ओळीत #! च्या पुढं -एक्स लिहून ठेवला आणि स्क्रिप्ट बॅश स्क्रिप्ट.एसएच अशी चालवली तर ती ओळ नुसती कॉमेंट ठरते. म्हणून मी तिथं कधीच ठेवत नाही, दुसऱ्या ओळीवर सरळ सेट -एक्स.

ट्रेस आणि खरे एरर एकत्र येऊन गोंधळ होत असेल तर बॅश 4.1 पासून ट्रेसला स्वतंत्र वाट देता येते:

एक्झेक 5>/टीएमपी/माग.टीएक्सटी
बॅश_एक्सट्रेसएफडी=5
सेट -एक्स

हे मला फार आवडतं, कारण मग स्क्रिप्टच्या आत कोणी 2 कुठंही वळवला तरी ट्रेस आपल्या 5 नंबरच्या पाटानं निवांत जातो. सोबत पीएस4='+ $लाइननो: ' ठेवलं की ओळ नंबरपण येतो. सिंगल कोटच घाला, डबल घातलात तर सगळीकडे एकच नंबर.

क्रॉन, म्हणजे आतेभावाची गोष्ट

पोचलो तेव्हा आत्यानं आधी कोकम सरबत दिलं, मग आंबोळ्या, आणि मग कुठं मशीनपाशी बसलो. स्क्रिप्टमध्ये सेट -एक्स होता, हातानं चालवली की भडाभडा ट्रेस. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा, त्याच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, ओळ अशी (@रीबूट म्हणजे मशीन चालू झालं की):

@रीबूट /होम/पाय/लेबल.एसएच &> /होम/पाय/लेबल.लॉग

बघून वाटतं काय चुकलंय ह्यात, &> म्हणजे 1 आणि 2 दोन्ही फाइलीत. बॅशमध्ये, हो. पण क्रॉन कमांड /बिन/एसएच ला देतो, आणि डेबियनच्या घराण्यात, उबुंटू काय आणि रास्पबेरी पायची सिस्टम काय, एसएच म्हणजे डॅश. डॅशला &> कळत नाही, तो ते दोन तुकड्यांत वाचतो. पहिला तुकडा, लेबल.एसएच बॅकग्राउंडला सोडा. दुसरा, लेबल.लॉग नावाची फाइल रिकामी करा. एररचं नाव नाही! स्क्रिप्ट चालते, फाइलपण तयार होते, वेळ ताजी, साइज शून्य. आतेभाऊ दहा दिवस त्या शून्याकडे बघत होता, आणि फोनवर मीपण.

मग खरा ट्रेस गेला कुठं? क्रॉन त्याला मिळालेलं सगळं आउटपुट मेलनं पाठवायला बघतो, आणि त्या मशीनवर मेल पाठवणारं काही नव्हतंच. जर्नलसीटीएल -यू क्रॉन केलं तर तिथं स्वच्छ लिहिलं होतं, एमटीए (मेल पाठवणारा प्रोग्राम) नाही म्हणून आउटपुट टाकून देतोय. खेकड्याचं बीळ सापडलं. ओळ बदलून शेवटी >> /होम/पाय/लेबल.लॉग 2>&1 असं केलं, हे सगळ्या शेलना कळतं, क्रॉनमध्ये कायम हेच लिहा.

क्रॉनचीच अजून एक, ही माझी स्वतःची फजिती. लॉगच्या नावात तारीख हवी म्हणून क्रॉनटॅबमध्ये डेट +%एफ (एफ कॅपिटल) घातलं. क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे नवी ओळ, कमांड तिथंच तुटते. प्रत्येक % च्या आधी \ द्यायचा, नाहीतर तारखेचा सगळा कारभार स्क्रिप्टच्या आत हलवायचा. मी हलवला. शिवाय क्रॉनला तुमचा पाथ, तुमचे एक्सपोर्ट, तुमची बॅशची सेटिंग यातलं काही मिळत नाही, डीबगचं व्हेरिएबल क्रॉनटॅबमध्येच किंवा स्क्रिप्टमध्ये द्या.

सिस्टमडीची सर्व्हिस असेल तर टर्मिनलवर वाट बघू नका, सगळं जर्नलमध्ये. जर्नलसीटीएल -यू सर्व्हिस -एफ. युजरची सर्व्हिस असेल तर --युजर लावायला विसरू नका. ट्रेस प्रचंड असेल तर जर्नल मधेच गाळतोपण, डीफॉल्ट मर्यादा 30 सेकंदांत 10000 ओळींच्या आसपास, त्यापुढच्या सप्रेस्ड म्हणून एका ओळीत आटपतो, ती ओळ शोधा म्हणजे कळेल. आणि डॉकर लॉग्जचा मजकूर ग्रेप करताना 2>&1 इथंही लागतं, कारण कंटेनरचा 2 तो तुमच्या 2 वरच देतो.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी अजून एक. जुन्या मॉडेलांना बॅटरीवरचं घड्याळ नसतं, लाइट जाऊन आली की मशीन मागच्याच कुठल्यातरी वेळेला उठतं आणि नेट मिळाल्यावर वेळ सुधारतं. म्हणजे बूट झाल्याझाल्याच्या लॉगवर चुकीची वेळ, आणि तुम्ही "आजचा लॉग दाखव" म्हणालात की नेमक्या त्याच ओळी वगळल्या जातात. इकडं वळवाच्या वाऱ्यात माडाची झावळी तारेवर पडली की लाइट गेलीच, दिवसातून तीनदा. वेळेनं शोधू नका, जर्नलसीटीएल -बी नं ह्या बूटचा सगळा लॉग घ्या.

विंडोजवाल्यांसाठी दोन शब्द

सीएमडीमध्ये सेट डीबग=1 && टूल असं लिहिलं की व्हॅल्यू "1" नाही, "1 " होते, मागं स्पेससकट, आणि काटेकोर टूल ती मानत नाही. && 1 ला चिकटवून लिहा. पॉवरशेलमध्ये तर सेट डीबग=1 नं एन्व्हायरनमेंटला हातच लागत नाही, तिथं $एन्व्ह:डीबग='1' लागतं. सेटएक्स केलं असेल तर नवी विंडो उघडा, चालू विंडोला ते कळत नाही. आणि पॉवरशेलचं राइट-डीबग मुळात गप्पच असतं, $डीबगप्रेफरन्स कंटिन्यू केल्याशिवाय बोलत नाही.

ट्रेस मिळाला की आनंदाच्या भरात ग्रुपवर टाकू नका हं. कर्लच्या -व्ही मध्ये टोकन असतात, बॅश -एक्समध्ये पासवर्ड जसाच्या तसा छापला जातो. आधी वाचा, खोडा, मग पाठवा.

तर आतेभावाचं. क्रॉनची ओळ बदलली, मेन स्विच बंद करून परत लावला, लॉग उघडला. पहिल्यांदाच ट्रेस, आणि त्यात कर्लची ओळ, होस्टचं नाव सापडत नाही, एक्झिट कोड 6. लाइट आल्यावर रास्पबेरी पाय उठतो लवकर, राउटरला नेट यायला दीड-दोन मिनिटं, आणि स्क्रिप्ट त्याच्या आधीच ऑर्डरी मागून रिकाम्या हातानं परत. स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्लीप 180 टाकला, परत स्विच बंद करून लावला, तीन मिनिटं तिघंही प्रिंटरकडे बघत बसलो. लेबलं आली. आत्या म्हणाली, एवढ्यासाठी खाडी ओलांडून आलास होय, आणि दोन डझन हापूस पिशवीत घातले. शेवटची फेरी कशीबशी मिळाली.